उभ्या धाग्याचं लाकूड

साळवेबाईंनी माझं माप घेतलं तेव्हा आमची धड ओळखही झालेली नव्हती. प्रवरेच्या काठी, नेवाशापासून थोड्या अंतरावर, मुलींची एक शाळा होती. तिथे मी ड्रिलची शिक्षिका म्हणून रुजू झाले तो बहात्तरचा जून महिना. शिक्षकांच्या खोलीत पाणी प्यायला गेले, तर एक ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई समोर आल्या. गळ्यात मापाची टेप, ओठांत चार टाचण्या. त्यांनी टाचण्या न काढताच मला म्हटलं, "हात पुढं करा. दोनी. नमस्काराला जोडतो तसे, पण ताठ."

मी केले. त्यांनी छातीपासून माझ्या बोटांच्या टोकापर्यंत टेप धरली आणि आकडा खडूने भिंतीवर लिहिला.

"मला सध्या ब्लाउज शिवायचा नाहीये," मी संकोचून म्हटलं.

त्यांनी टाचण्या तळहातावर काढल्या. "ब्लाउज न्हाई. बाण. ड्रिलच्या बाईला बाण मारता यायला पायजे का नको?"

त्या शिवणकाम शिकवायच्या. एस्तेर साळवे त्यांचं नाव. त्यांचे वडील नगरला मिशनच्या कारखान्यात सुतार होते. तिथल्या एका गोऱ्या मडमेला तिरंदाजीचा नाद होता. तिच्यासाठी वडील धामणाच्या लाकडाची धनुष्यं आणि देवदाराचे बाण करायचे. मडम पुढे आपल्या देशाला निघून गेली, वडील वारले, आणि दोन धनुष्यं, एक रंधा आणि ही विद्या एवढं एस्तेरकडे आलं. नोकरी शिवणकामाची मिळाली, कारण मुलींच्या शाळेत सुतारकामाची जागा नव्हती. याबद्दल त्या तक्रार करायच्या नाहीत. शिवणाच्या वर्गात मागच्या बाजूला त्यांनी एक पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे काजं-बटणं आणि पलीकडे लाकडाचा भुसा.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्या पडद्याकडे बघायचं टाळायच्या. शनिवारी शाळा सुटल्यावर दहाबारा मुली नदीवर जाऊन बाण मारायच्या, हेही त्यांनी फार मनावर घेतलेलं नव्हतं. पण त्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय मेळाव्यात मुलींची तिरंदाजी पहिल्यांदाच ठेवल्याचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ड्रिल तुमच्याकडे आहे. बाण त्यांच्याकडे आहेत. दोघी मिळून काय ते बघा."

तेव्हापासून माझ्या दुपारी पडद्याच्या पलीकडे जायला लागल्या.

जवळच साखर कारखाना उभा राहत होता. त्याची यंत्रं परगावाहून मोठमोठ्या खोक्यांतून यायची आणि ती खोकी देवदाराच्या फळ्यांची असायची. साळवेबाई दर पंधरा दिवसांनी तिथे जायच्या. एकदा मी बरोबर गेले. फळ्यांचा ढीग पडला होता. भांडारावरचा माणूस म्हणाला, "न्या की बाई, जळणाला चांगल्या आहेत." बाईंनी पदर खोचला आणि एकेक फळी उन्हाकडे धरून डोळ्याला लावायला सुरुवात केली. ही नको, तीही नको. तासभर असा गेला. तो माणूस कंटाळून म्हणाला, "अहो, सगळ्या सारख्याच आहेत!"

"तुमच्या सदऱ्याचं कापड उरेब लावलं तर चालंल का?" बाईंनी विचारलं. त्याला काही कळलं नाही. बाईंनी त्याची बाही चिमटीत धरून तिरकी ओढली. कापड ताणलं गेलं. मग उभी ओढली. ते जागचं हललं नाही. "लाकडाला पण उभा धागा असतो. ह्या फळीचा धागा मधीच कडेला निघून गेलाय. उरेब हाय ही. हिचा बाण केला तर तिथंच मोडंल."

साठसत्तर फळ्यांतून त्यांनी तीन निवडल्या. त्या माणसाने स्वतः सायकलला बांधून शाळेपर्यंत आणून दिल्या. मला वाटतं, वाटेत तो आपल्या बाह्या तपासत असणार.

फळी त्या कधी करवतीने कापायच्या नाहीत. टोकावर कोयता ठेवून वरून लाकडी हातोडा मारायच्या आणि फळी आपल्या धाग्याने फाटत जायची. "कापड कापलं तर कात्री म्हणंल तिकडं जातं. फाडलं तर धागा म्हणंल तिकडं," असं त्यांचं म्हणणं. मग त्या फाकीची चौकोनी काडी करायची. दोन पट्ट्या तिरप्या जोडून केलेल्या खाचेत ती ठेवून कोपऱ्यांवर हलका रंधा मारायचा. चाराचे आठ कोपरे होतात, आठाचे सोळा, आणि मग मोजायचं सोडून द्यायचं. पॉलिशपेपर गुंडाळून काडी त्यातून फिरवत राहायचं. कुठे बाक दिसला तर शेगडीच्या धगीवर ती जागा गरम करून अंगठ्याने दाबायची. माझ्या पहिल्या काडीला मी इतका वेळ डोळे लावून बसले की त्या वैतागल्या. "नुसत्या बघू नका, फिरवा. बोटाला कळतं."

भिंतीत दोन खिळे होते. तयार काडी त्यांच्यावर आडवी ठेवायची आणि मधोमध शिवणाची मोठी लोखंडी कात्री लटकवायची. काडी किती वाकते ते मागे खडूने आखलेल्या रेघांवर दिसायचं. एका मुलीच्या सगळ्या काड्या एकाच रेघेपर्यंत वाकल्या पाहिजेत, हा नियम. मग वडिलांच्या जुन्या तराजूत गुंजा टाकून वजन. दोन गुंजांचा फरक चालायचा, तीन झाल्या की रंधा पुन्हा हातात. पिसं चर्चच्या पाळकसाहेबांच्या अंगणातल्या टर्कीची. एका बाणाची तिन्ही पिसं एकाच पंखाची लागायची, आणि डाव्या पंखाची तीन मिळत नाहीत तोवर बाई त्या पक्ष्याच्या मागे वाकून वाकून फिरायच्या. पाळकसाहेबांची बायको ओसरीतून ओरडायची, "एस्तेर, तो घाबरून खात न्हाई आता!" पिसं सरसाने चिकटवायची, वर शिवणाच्या दोऱ्याचे वेढे. टोकाला लोहाराने केलेलं पत्र्याचं टोपण लाखेने बसवायचं.

दिवसभरात दोन बाण झाले तर पुष्कळ. कुणी म्हटलं की बाजारात तयार मिळतात, तर त्या म्हणायच्या, "घाई असंल त्यानं विकतचे घ्यावेत." आवाजात राग नसायचा. घाई असणाऱ्यांची त्यांना थोडी कीव यायची, इतकंच.

आणि एक गोष्ट त्या निर्दयपणे करायच्या. काडीत केसाएवढी भेग दिसली, की ती तिथल्या तिथे गुडघ्यावर मोडायची. कितीही काम झालेलं असो. एकदा तर पिसं लावून झालेला, रंगाची रेघ ओढलेला बाण त्यांनी माझ्यासमोर मोडला. मी म्हटलं, "अहो, नुसता वर्गात लावून ठेवला असता, शोभेला!"

"शोभेचा बाण कोन तरी कधी तरी धनुष्याला लावतंच," त्या म्हणाल्या.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. नदीत वाळू उघडी पडली आणि आम्हाला अख्खी नदी मैदान म्हणून मिळाली. पलीकडच्या दरडीला टेकवून निशाण ठेवायचं. निशाणाला कडब्याची पेंढी चांगली, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि तसं बोलूनही गेले. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. गावातली जनावरं चाऱ्यासाठी छावणीत उभी होती. निशाण त्यांनी गोणपाटाचं शिवलं आणि आत शिवणवर्गाच्या वर्षानुवर्षांच्या चिंध्या ठासून भरल्या. बाण लागला की त्यातून कधी हिरवी, कधी फुलाफुलांची चिंधी बाहेर डोकवायची आणि मुली ओरडायच्या, "ही माझ्या परकराची!"

त्या मुलींत मंदा होती. नववीतली, हडकुळी, लांब हाताची. तिचे वडील म्हादू दुष्काळी कामावर खडी फोडायचे. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, अंगावर एकच युनिफॉर्म. पण धनुष्य हातात आलं की ती इतकी स्थिर उभी राहायची की तिचा श्वास चाललाय की नाही, ते कळायचं नाही. साळवेबाई तिला फारसं काही सांगायच्या नाहीत. फक्त तिचे बाण करताना पडद्यापलीकडून गुणगुणणं ऐकू यायचं, एरवी यायचं नाही.

आता माझ्या हातून जे घडलं ते सांगते.

मेळाव्याला तीन आठवडे राहिले होते. शनिवारी सकाळी मला मंदाची पूर्ण सहा बाणांची फेरी घ्यायची होती. तिचे पाचच तयार होते. साळवेबाई चर्चच्या कामासाठी नेवाशाला गेल्या होत्या. पडद्यामागे टेबलावर एक बाण वेगळा ठेवलेला दिसला. पिसं लावलेली, टोपण बसवलेलं, मंदाच्या मापाचा. मोडलेला नाही, म्हणजे चांगला असणार, असं मी धरून चालले. तो वेगळा का ठेवलाय, हा प्रश्न मनात आला होता. खोटं कशाला सांगू, आला होता. पण फेरी पूर्ण करायची होती.

मंदाने तो चौथा लावला. दोरी सुटली आणि काडकन आवाज झाला. बाण धनुष्यावरच फुटला. लाकडाची एक लांब ढलपी तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी शिरली होती. ती रडली नाही. हाताकडे बघत वाळूत बसली आणि म्हणाली, "बाई, धनुष्याला काय झालं का बघा."

तिला टांग्यातून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ढलपी काढली, टाके घातले, अंगठा वाचला असं सांगितलं. सोमवारी मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. "हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत साळवेबाई म्हणाल्या, "बाण माझा होता."

आणि मी गप्प राहिले. मोठ्या बाईंनी तिरंदाजी बंद केली. मेळाव्याला नाव जाणार नाही, पडदा काढायचा, खोली साफ करायची. साळवेबाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या तासाला जाऊन मुलींना शांतपणे काज शिकवलं.

चार दिवस मी त्यांची नजर चुकवत होते. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात गेले. पडदा निघाला होता, खिळ्यांवर काहीच नव्हतं. त्या बाकावर बसून एका फ्रॉकची दुमड उसवत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो बाण मी नेला, न विचारता.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"नेवाशाहून आले तेव्हाच. टेबलावर नव्हता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी फ्रॉक खाली ठेवला. "तुमी नेला, ती तुमची चूक. तो तिथं होता, ती माझी. आदल्या दिवशी कळलं होतं मला, मागं दोरीच्या खाचेजवळ भेग हाय. पण लाकूड लई सुंदर होतं, शेळकेबाई. सगळ्या ढिगात तसं दुसरं नव्हतं. वाटलं, भेगेच्या पुढचा तुकडा कापून घेतला तर बारक्या पोरीचा बाण होईल. एकदा, एकदाच न्हाई मोडला." चष्मा काढून त्यांनी तो पदराने बराच वेळ पुसला.

मी म्हटलं, "मी आत्ता मोठ्या बाईंकडे जाऊन सांगते. माफी मागते."

"सांगा. पर नुसती माफी मागायला जाऊ नका." त्यांनी चष्मा परत लावला. "बाण परत मागायला जा."

मी गेले. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्यावर रागावल्या आणि ते रागावणं रास्तच होतं. पण निर्णय बदलायला तयार नव्हत्या. "मुलीच्या बापाला मी काय सांगू? तो उद्या यायचाय."

म्हादू आला तो कामावरूनच, अंगावर धुळीचा थर. खुर्ची देऊनही जमिनीवर बसला. मोठ्या बाईंनी दोनतीनदा दिलगिरी व्यक्त केली. मग आपले दोन्ही हात त्याने पुढे केले. नखं काळीनिळी, बोटांवर जखमांचे वण.

"बाई, खडी फोडताना मला दर आठवड्याला लागतं. म्हनून काय मुकादम काम बंद करतो व्हय? पोरगी चार दिस झालं जेवत न्हाई. म्हनती, माझं बाण बंद केलं. हात दुखतोय आसं एकदा बी म्हनली न्हाई." त्याने हात मागे घेतले. "फकस्त, बाण तपासून देत जावा. येवढंच सांगाया आल्तो."

मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या, "प्रत्येक बाण आधी साळवेबाई स्वतः मारतील. तीन वेळा. माझ्या डोळ्यांसमोर."

पुढच्या शुक्रवारी नदीच्या वाळूत जे दृश्य दिसलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. मोठ्या बाई छत्री घेऊन खुर्चीवर. साळवेबाईंनी पदर कमरेला खोचलेला, डाव्या हाताला जुन्या चपलेचं कातडं बांधलेलं. आयुष्यभर त्या मुलींच्या हाती धनुष्य देत आल्या होत्या. त्यांना स्वतः मारताना मी कधी पाहिलंच नव्हतं. पहिला बाण दरडीत गेला. दुसरा गोणपाटाच्या कडेला. मग त्यांचे खांदे सैल पडले, त्या मडमेने कधीकाळी एका सुताराच्या मुलीला शिकवलं असेल तसं काहीतरी अंगात परतलं, आणि बाण मधोमध बसायला लागले. बारा बाण होते; छत्तीस वेळा त्यांनी दोरी ओढली. बोटं सोलली. मोठ्या बाई मध्येच खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत.

मंदाच्या हाताचे टाके निघाल्यावर साळवेबाईंनी तिला एक नवीन गोष्ट शिकवली आणि मग सगळ्यांनाच. बाण मारण्याआधी तो कानाशी धरायचा, दोन्ही हातांनी किंचित वाकवायचा, फिरवायचा, पुन्हा वाकवायचा. लाकडात भेग असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते. "बाण मी केलाय म्हनून चांगला, आसं धरायचं न्हाई. तुमचा हात हाय, तुमी ऐका." नदीच्या पात्रात बारा मुली ओळीने उभ्या राहून बाण कानाला लावून ऐकत असायच्या. वरच्या रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे.

मेळावा नगरला झाला. शहरातल्या शाळेच्या मुलींकडे एकसारखे, चकचकीत, विकतचे बाण होते. पंचांनी आमच्या बाणांचा जुडगा हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "घरी केलेत? हे चालतील की नाही, बघायला लागेल."

"बघा की," साळवेबाई म्हणाल्या. "कुठलाही घ्या. वाकवा. मोडला तर आमी परत जातो."

पंचांनी एक घेतला, वाकवला. दुसरा घेतला, जरा जास्तच वाकवला. बाई त्यांच्या हाताकडे बघतसुद्धा नव्हत्या, मंदाच्या वेणीची रिबीन घट्ट करत होत्या. पंचांनी तिसरा बाण डोळ्याला लावून लांबवर न्याहाळला आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "कोणी केलेत?"

"शिवणकामाच्या बाईंनी," मंदा म्हणाली.

मंदाचा नंबर पाचवा आला. जखम भरली होती, पण अंगठ्यात अजून जोर नव्हता, आणि शेवटच्या फेरीत तिचे दोन बाण भलतीकडे गेले. परतीच्या एस.टी.त ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. साळवेबाईंनी मांडीवर सगळे बाण पसरून एकेक तपासला, कानाशी नेला. मग मंदाच्या पाठीवर थाप मारली. "सगळे धडधाकट. एकाला बी चरा न्हाई. पुढच्या वर्षाला हेच चालतील."

"पुढच्या वर्षी?" मंदाने मान वळवली.

"मग? दहावीत काय हात कापून ठेवनार हायेस?"

मंदा हसली, बऱ्याच दिवसांनी. पुढच्या वर्षी तिचा नंबर दुसरा आला. तेव्हा मात्र साळवेबाई रडल्या, आणि नंतर म्हणाल्या की डोळ्यात भुसा गेला होता. आम्ही मैदानावर होतो, भुसा कुठून येणार, हे कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर माझी बदली अकोल्याला झाली. निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. निरोप घ्यायला शाळेत गेले, तर शिवणवर्गाच्या दारात गर्दी. मोठ्या बाईंनी वर लिहून लिहून एक गोष्ट मिळवली होती. त्या वर्षापासून आठवीच्या पुढच्या मुलींना शिवणाऐवजी सुतारकाम घेता येणार होतं, आणि शिकवणार होत्या साळवेबाई. त्यासाठी नगरहून खरं सुतारी टेबल आलं होतं, सागाचं, अवजड, लाकूड आवळून धरायचे दोन शिकंजे बसवलेलं. बैलगाडीतून उतरवलं आणि दारात अडकलं. अर्धं आत, अर्धं व्हरांड्यात. पुढेही जाईना, मागेही येईना. आत अडकलेल्या मुली टेबलाखालून रांगत बाहेर येत होत्या. शिपाई म्हणत होता, परत पाठवू. मोठ्या बाई म्हणत होत्या, आधी मापं घ्यायला हवी होती.

साळवेबाई त्या टेबलावरच पाय सोडून बसल्या होत्या, हातात कपबशी. चहा संपवून त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि चौकटीवर हात फिरवला, वरून खाली, सावकाश. मग शिपायाला म्हणाल्या, "दार काढ. चौकट बी काढ. मंदे, करवत आन."

"चौकट?" मोठ्या बाई दचकल्या. "अहो, ही इंग्रजांच्या वेळची आहे!"

"म्हनूनच अरुंद हाय," बाई म्हणाल्या.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी खांद्याला धरून उठवलं, पण लक्ष चौकटीतच होतं. फाट्यावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. "जा, गाडी चुकंल," त्या म्हणाल्या. मी फाटकापर्यंत जाऊन मागे वळले. दार भिंतीला टेकवलेलं होतं, मंदा स्टुलावर चढून चौकटीच्या वरच्या पट्टीला करवत लावत होती, आणि साळवेबाई टेबलाला खांदा देऊन उभ्या होत्या. मोठ्या बाईंनी हातातली छत्री शिपायाकडे दिली, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने खांदा दिला.